वय वाढले की चढण का लांबते : तोरण्याच्या वाटेवरचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय ५८. अठ्ठाविसाव्या वर्षी वेल्ह्याहून तोरण्याचा माथा आपण दीड तासात गाठत होतात. आता त्याच वाटेला अडीच तास लागतात. सपाटीवरचा वेग मात्र जवळजवळ पूर्वीइतकाच आहे, रोज सकाळी तासभर चालणेही होते, आणि म्हणूनच हा फरक आपल्याला कोड्यात टाकतो. उतरताना आपण आणखी मागे पडता, गटातील तरुण मंडळी थांबून राहतात, आणि ते आपल्याला खटकते. मधल्या तीस वर्षांत नोकरीमुळे डोंगर जवळजवळ सुटला होता आणि वजन ६४ किलोंवरून ७२ किलोंवर गेले. हे वयामुळे होते आहे, सराव तुटल्यामुळे, की ही एखाद्या आजाराची चाहूल आहे, आणि येत्या डिसेंबरात राजगड-तोरणा हा दोन गडांना जोडणारा ट्रेक करावा की नाही, असे आपण विचारले आहे.

निष्कर्ष आधी सांगतो. तोरण्याच्या चढाईत जो एक तास वाढला, त्यातील वीसेक मिनिटेच वयाच्या खात्यावर टाकता येतील असा माझा अंदाज आहे. उरलेली चाळीस मिनिटे तुटलेल्या सरावाची आणि वाढलेल्या वजनाची आहेत, आणि त्यांतला बराच भाग परत मिळवता येतो. हा अंदाज कशावरून केला ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पन्नाशीनंतरचे बहुतेक गिर्यारोहक आपल्या मंदावलेल्या चालीचा अर्थ एक तर फार उदासपणे लावतात, नाही तर फार बेफिकिरीने.

सपाटी, चढण आणि उतार या तिन्ही ठिकाणी वय वेगवेगळ्या मार्गांनी आपला वाटा घेते, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. चालताना शरीराला किती प्राणवायू लागतो याचे अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने रूढ केलेले एक सोपे सूत्र आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे, दर मिनिटाला, नुसते बसून राहायला साडेतीन मिलिलिटर प्राणवायू लागतो; पुढे टाकलेल्या प्रत्येक मीटरमागे ०.१ मिलिलिटर आणि वर चढलेल्या प्रत्येक मीटरमागे १.८ मिलिलिटर त्यात मिळवायचा. म्हणजे एक मीटर उंची मिळवणे हे एक मीटर पुढे जाण्याच्या अठरापट महाग आहे. सपाटीवर ताशी ४ किलोमीटर चालणाऱ्याला या हिशेबाने दहाच्या आसपास मिलिलिटर पुरतात. साधारण प्रकृतीच्या पुरुषाची अठ्ठाविसाव्या वर्षीची कमाल क्षमता, म्हणजे पूर्ण जोर लावताना दर किलोमागे दर मिनिटाला वापरता येणारा प्राणवायू, ४२ मिलिलिटर धरली आणि व्यायाम नसल्यास ती दर दशकाला सुमारे १० टक्क्यांनी उतरते हे लक्षात घेतले, तर ५८ व्या वर्षी ती ३० च्या आसपास येते. दहा मिलिलिटरचे काम ४२ वाल्यालाही सहज जमते आणि ३० वाल्यालाही. म्हणूनच सकाळच्या फेरफटक्यात आपल्याला आपले वय जाणवत नाही, आणि म्हणूनच त्या फेरफटक्यावरून डोंगरातल्या तयारीचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

चढणीवर हे चित्र पालटते. कमाल क्षमतेच्या पूर्ण जोरावर कोणी तासन्‌तास चालू शकत नाही. तिच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंतचे काम माणूस दमाने चालू ठेवतो. तरुणपणी हा वापरण्याजोगा साठा २५ मिलिलिटर होता, आता तो १८ आहे. यातून बसल्याजागी लागणारे साडेतीन आणि चढणीवरच्या संथ चालीत पुढे सरकण्याचे सुमारे तीन वजा करा, कारण हा खर्च वयाप्रमाणे कमी होत नाही. तरुणाजवळ चढण्यासाठी साडेअठरा उरतात, आपल्याजवळ साडेअकरा. पहिल्यातून तासाला सुमारे ६२० मीटर उंची मिळते, दुसऱ्यातून ३८०. क्षमता २८ टक्क्यांनी घटली, पण चढण्याचा वेग ३८ टक्क्यांनी घटला. पगार कापला गेला आणि घरभाडे तेवढेच राहिले की हातखर्चाला जी कात्री लागते, तीच ही.

हे सूत्र फिरत्या पट्ट्यावरच्या चालण्यासाठी आहे. त्यात पाठीवरची सॅक नाही, पायाखाली सरकणाऱ्या मुरमाचा घसारा नाही, उन्हाची तिरीप नाही, की कारवीच्या रानात चुकलेली वाट नाही. त्यामुळे त्यातले मीटरचे आकडे जसेच्या तसे न घेता त्यांचे प्रमाण घ्यावे. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे आणि वेल्ह्याहून चढाई सुमारे ७०० मीटरची पडते. दीड तासात ती केलीत तेव्हा आपला वेग तासाला ४७० मीटरच्या आसपास होता. अडीच तासांत तो २८० झाला. ही घट ४० टक्के, म्हणजे व्यायाम न करणाऱ्या माणसासाठी काढलेल्या घटीच्या अगदी जवळची. रोज चालणाऱ्या माणसाला ‘व्यायाम न करणारा’ म्हटलेले आवडणार नाही, पण सपाटीवरचे ताशी चार किलोमीटर चालणे डोंगराच्या दृष्टीने फारसे काही मागत नाही, हे वरच्या आकड्यांतच दिसते. नियमित आणि दमवणारा व्यायाम चालू ठेवणाऱ्यांची घट दशकाला पाच टक्क्यांच्या आसपास रोखता येते. तशी ती रोखली असती, तर आपली क्षमता आज ३६ च्या जवळ असती, चढाईचा वेग अठरा-एकोणीस टक्क्यांनीच उतरला असता आणि तोरण्याला एक तास पन्नास मिनिटे लागली असती. सुरुवातीला सांगितलेली वीस मिनिटे ती हीच.

या विषयात मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा अमेरिकेतील डॅलस येथील आहे. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवण्यात आले, आणि तेवढ्यात त्यांची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक उतरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांची एकूण क्षमता जितकी खाल्ली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने खाल्ली होती. पुढे त्यांना सहा महिने बेताबेताने वाढणारा व्यायाम दिला, तेव्हा एकूण क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परतली. मात्र दर किलो वजनामागे मोजले की चित्र इतके गुलाबी राहत नाही, कारण मधल्या काळात त्यांची वजने बरीच वाढली होती. डोंगर आपल्याला दर किलोच्याच हिशेबाने तोलतो. आपले आठ किलो वजन ही काही भयंकर वाढ नव्हे, पण राजगडावर मुक्कामाला जाणाऱ्याची भरलेली सॅक साधारण तेवढीच असते, आणि आपण ती तोरण्यावर दर वेळी दुसऱ्या सॅकसोबत नेत आहात.

वयाचा अपरिहार्य भाग कोणता, हेही सांगितले पाहिजे. हृदयाचा कमाल ठोका व्यायामाने राखता येत नाही. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करावे, हे सध्या अधिक विश्वासाचे मानले जाणारे सूत्र आहे. त्यानुसार २८ व्या वर्षी मिनिटाला १८८ आणि ५८ व्या वर्षी १६७ ठोके येतात. जुने ‘२२० वजा वय’ हे सूत्र आपल्याला १६२ देईल. दोन्ही सूत्रे समूहाच्या सरासरीची आहेत आणि एका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो, तेव्हा मनगटावरच्या घड्याळाने लाल रंग दाखवला म्हणून लगेच घाबरू नये किंवा हिरवा दाखवला म्हणून निर्धास्तही होऊ नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर ठोके मुळातच दाबलेले असतात आणि घड्याळाचा हिशेब पूर्णपणे निरुपयोगी ठरतो. त्यापेक्षा जुना उपाय चांगला : चढताना शेजारच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य मध्ये श्वास न तुटता बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागत असेल, तर चाल कमी करावी.

दुसरा अपरिहार्य भाग स्नायूंचा आहे. वयाबरोबर स्नायूंचे आकारमान घटते, त्याहून वेगाने त्यांची ताकद घटते आणि सर्वांत वेगाने घटतो तो झटका, म्हणजे ताकद चटकन वापरण्याची क्षमता, कारण झपाट्याने आकुंचन पावणारे तंतू आधी रोडावतात. सपाट वाटेवर हे कळतही नाही. पण गडाच्या कातळात खोदलेल्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या पायरीवर एका पायाच्या जोरावर सारे शरीर उचलायचे असते. तरुण माणूस ती पायरी ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यात चढतो. मांडी अशक्त झालेला माणूस तिथे जवळजवळ सगळी ताकद लावतो, आणि अशा पन्नास पायऱ्यांनंतर छाती भरून येण्याआधी मांड्या भरून येतात. आपल्याला आधी काय थांबवते, दम की मांड्या, हे पुढच्या चढाईत लक्ष देऊन पाहा. उपाय त्यावर ठरतो.

एक गोष्ट वयाने फारशी बिघडत नाही, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. कमाल क्षमता उतरली तरी तिचा किती हिस्सा दीर्घकाळ वापरता येतो, हे प्रमाण टिकून राहते. सराव असलेल्या ज्येष्ठांत ते तरुणांपेक्षा थोडे अधिकही आढळते. म्हणून साठीतला मुरलेला भटक्या पहिल्या तासात मागे पडतो, पण सातव्या तासाला, जेव्हा तरुणांचे पाय बोलू लागतात, तेव्हा तो त्याच लयीत चालत असतो. मात्र त्याच्या शरीराला गती घ्यायला वेळ लागतो. श्वास, रक्तप्रवाह आणि स्नायूंचे काम यांचा मेळ बसायला तरुणाला दोन-तीन मिनिटे लागत असतील, तर उतारवयात त्याहून जास्त लागतात. सह्याद्रीतल्या पुष्कळ वाटांची अडचण अशी की गावातले शेवटचे घर सुटले की लगेच सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरलेली धार, सुरू होते आणि पहिली वीस मिनिटेच अंगावर येतात. गाडीतून उतरल्यावर गावाच्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालून मगच चढणीला लागावे, आणि पहिला अर्धा तास आपल्याला हास्यास्पद वाटेल इतक्या संथपणे चढावे. याच एका सवयीने पुढच्या विश्रांतीच्या थांब्यांची संख्या निम्म्यावर आलेली मी पाहिली आहे, आणि वेळ खरा जातो तो थांब्यांतच.

आता उतार. येथे प्राणवायूचा प्रश्न जवळजवळ नसतो. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून ब्रेकचे काम करतो, आणि नेमकी या प्रकारची ताकद वयाने तुलनेने कमी उतरते, असे मोजमापांत दिसते. मग उतरताना माणूस मागे का पडतो? माझ्या मते त्याला मांडीपेक्षा तोल, नजर आणि खात्री ही तीन कारणे जास्त जबाबदार आहेत. पाय घसरला की सावरण्यासाठी लागणारा झटका उशिरा येतो. घोट्याकडून आणि तळव्याकडून मिळणारी जमिनीची खबर मंद होते. शरीराला हे बुद्धीच्या आधी कळते आणि ते पावले आखडती घेऊ लागते. मुरमाच्या घसाऱ्यावर आखडती, ताठ पावले टाकणे म्हणजे घसरण्याला आमंत्रणच असते. मग एकदा बसकण बसली की पुढचा सारा उतार धास्तीत जातो. वेग कमी होण्याचे हे खरे कारण आहे, आणि ते गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये सापडत नाही.

जपानचे युइचिरो मिउरा २०१३ मध्ये वयाच्या ८० व्या वर्षी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. परतताना मात्र सुमारे ६५०० मीटरवरच्या तळावरून त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. त्यांच्या पराक्रमाला यामुळे काही उणेपणा येत नाही. चढाई पूर्ण झाली म्हणजे दिवस पूर्ण झाला असे समजणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी तेवढा तपशील ध्यानात ठेवावा, इतकेच.

नजरेबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण हा भाग बहुधा दुर्लक्षित राहतो. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर, धूसर होत जाते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. उन्हातून एकदम गर्द रानात शिरल्यावर दृष्टी सरावायलाही वेळ लागतो. म्हणून संध्याकाळी साडेपाच-सहाला, तरुणांना विजेरीची गरजही वाटत नसते तेव्हा, आपण ती कपाळावर चढवून मोकळे व्हावे. दूरचे आणि जवळचे एकत्र असलेल्या चष्म्यात खालचा भाग वाचनासाठी असतो, आणि उतारावर पायाखाली पाहताना नजर नेमकी त्याच भागातून जाते. पायरीची कड अस्पष्ट दिसते आणि पाऊल चुकते. डोंगरासाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. हा खर्च भारी बुटांपेक्षा कमी आहे आणि त्याचा उपयोग बुटांहून जास्त होतो.

काठ्यांबाबत माझे मत ठाम आहे : पन्नाशीनंतर दोन काठ्या वापराव्यात, एक नव्हे. तीव्र उतारावर काठ्यांमुळे गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी हलका होत असल्याचे मोजले गेले आहे, आणि तोलाचा फायदा तर याहून मोठा. उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवावी. घसाऱ्यावर आणि कातळटप्प्यावर मनगट पट्ट्यातून बाहेर काढावे, नाही तर काठी अडकली की खांदा निखळतो. शिड्या, साखळ्या, रेलिंग आले की काठ्या मिटवून सॅकला लावाव्यात. कळसूबाईच्या शिड्यांवर हातात काठी लोंबकळत ठेवून चढणारे लोक मागच्या माणसाच्या डोळ्याला धोका असतात.

उन्हाबद्दल थोडक्यात. वय वाढले की तहान कमी लागते आणि घाम येण्याची यंत्रणा मंदावते, त्यामुळे पाणी तहानेवर न सोडता घड्याळावर सोपवावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि फेब्रुवारीनंतर चढाई उन्हे तापण्याआधी संपली पाहिजे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ट्रेकच्या दिवशी ती कशी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी टाळू नये आणि रक्तदाब असताना मीठ-साखरेचे पाणी लिटरच्या लिटर पिऊही नये.

आजाराची शंका कधी घ्यावी? वयाची आणि सराव तुटल्याची घट वर्षांच्या हिशेबाने होते, आठवड्यांच्या नव्हे. गेल्या दिवाळीत जी टेकडी आपण न थांबता चढत होतात, तिच्यावर होळीला तीन वेळा थांबावे लागत असेल, तर ते वय नव्हे. चढताना छातीवर दाब येणे आणि थांबल्यावर तो जाणे, जबडा, खांदा किंवा डावा हात दुखणे, नेहमीच्या मानाने भलताच दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ठोके अनियमित होणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, संध्याकाळी पावलांवर सूज येणे, यांपैकी काहीही असेल तर डोंगर बाजूला ठेवून हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे. पोटरी चढणीवर दुखते आणि दोन मिनिटे उभे राहिले की थांबते, हे पायांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. मधुमेह असलेल्यांना हृदयाचा त्रास वेदनेवाचूनही होतो, म्हणून त्यांनी लक्षणांची वाट पाहू नये. रक्तक्षय आणि थायरॉईडचा मंदपणा ही दोन कारणे साध्या रक्ततपासणीत सापडतात आणि उपचारांनी चाल अक्षरशः परत येते. आपण लिहिलेल्या वर्णनात यांतले काही नाही. घट हळूहळू झालेली आहे आणि सपाटीवर दम लागत नाही. तरीही तीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा जोराचा व्यायाम सुरू करणार असाल, तर डॉक्टरांना दाखवून, ते सांगतील तर ट्रेडमिलवरची तपासणी करून मगच सुरुवात करावी.

सरावाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. पासष्टीनंतर त्यात आठवड्यातून तीन दिवस तोलाचा व्यायाम मिळवला आहे. आपला पहिला भाग पूर्ण होतो, दुसरा शून्य आहे. आठवड्यातले दोन सकाळचे फेरफटके रद्द करून त्या जागी मांड्या, नितंब आणि पिंडऱ्यांसाठी वजनाचा व्यायाम आणावा, आणि वजन इतके असावे की आठ-दहा वेळांनंतर पुढचे उचलणे जड जावे. या वयात वजने कशाला, असे घरचे म्हणतील. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या काही जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला, तेव्हा त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली; ५८ हे वय त्या मानाने पोरवय म्हणायचे. उतारासाठी निराळा सराव लागतो. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरे पाऊल तीन सेकंद मोजत खाली टेकवायचे, आवाज न होता. पहिल्या आठवड्यात मांड्या दोन दिवस ठणकतील, दुसऱ्या वेळी बऱ्याच कमी, कारण उतारकामाची सवय स्नायूंना फार लवकर लागते आणि काही आठवडे टिकते. दात घासताना एका पायावर उभे राहणे हा तोलाचा फुकटातला व्यायाम आहे.

दम वाढवण्यासाठी आठवड्यातून एकदा टेकडीवर तीन-चार मिनिटे बोलता येणार नाही इतक्या जोराने चढावे, तेवढाच वेळ रमत उतरावे, आणि असे चार वेळा करावे. पुण्यात राहणाऱ्याला यासाठी टेकड्यांची वाण नाही. आणि महिन्यातून दोनदा सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने, पायीच वर आणि पायीच खाली. वर जाऊन पिठले-भाकरी खाऊन गाडीने उतरणाऱ्यांचा अर्धाच सराव होतो, आणि तोही त्यांना कमी गरजेचा असलेला अर्धा. ही चढाई सुमारे ६०० मीटरची आहे, तिथला आपला वेळ लिहून ठेवावा आणि त्यावरून तासाला किती मीटर चढता हे काढावे. बारा आठवड्यांत फरक दिसतो. विश्रांतीचे दिवस मात्र तरुणपणापेक्षा जास्त ठेवावे लागतात. जोराच्या व्यायामानंतर एक दिवस पूर्वी पुरत असेल, तर आता दोन लागतील.

गटाचा प्रश्न स्वभावाचा नाही, आखणीचा आहे. स्कॉटलंडचे विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला नियम आजही वापरला जातो : ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तोरण्याची वाट ४ किलोमीटर धरली, तर या नियमाने दोन तास होतात. म्हणजे आपण एका तंदुरुस्त माणसासाठी केलेल्या हिशेबाच्या फक्त अर्धा तास मागे आहात. आपली तुलना ज्याच्याशी चालली आहे तो अठ्ठावीस वर्षांचा मुलगाच जरा असाधारण होता. गटाची आखणी सर्वांत संथ माणूस तासाला किती मीटर चढतो त्यावर करावी आणि पहाटे तेवढे आधी निघावे. संथ माणसाला शेवटी ठेवू नये. तो शेवटी असला की पुढचे लोक थांबतात, तो धापा टाकत पोहोचतो, आणि तो पोहोचताच ताजेतवाने झालेले लोक उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, आणि तो पुढच्या टप्प्यात आणखी मागे पडतो. त्याला वाटाड्याच्या मागे दुसरे ठेवावे. आपल्यासाठी तरुण थांबतात याचे वाईट वाटून घेण्यापेक्षा ही रचना नेत्याला सुचवा. नेता अनुभवी असेल तर तो स्वतःच ती करेल.

राहिला राजगड-तोरणा. करावा, पण दोन दिवसांत, आणि राजगडाकडून तोरण्याकडे. तसे केल्याने तोरण्याच्या बुधला माचीखालचा खडा टप्पा उतरण्याऐवजी चढायचा येतो, आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे आपल्यासारख्याला तोच सोयीचा. पहिल्या दिवशी पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी राजगड गाठावा. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट छातीवरची आहे आणि मुक्कामाच्या सॅकसह तिथे बळ घालवण्यात अर्थ नाही. गडावरच्या मुक्कामाचे सध्याचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत, आणि परवानगी नसेल तर पायथ्याच्या गावात राहून पहाटे अंधारातच निघावे लागेल. दुसऱ्या दिवशी उजाडताच संजीवनी माचीवरून डोंगररांगेला लागावे. दोन्ही गडांच्या मधे ही वाट वेल्हे-भुतोंडे रस्ता ओलांडते. दिवसाच्या आखणीत ही जागा सर्वांत महत्त्वाची समजावी, कारण वाहन मिळण्याजोगी माघार तिथेच आहे आणि त्यानंतरची चढाई दिवसातली सर्वांत कष्टाची आहे. रस्त्यावर पोहोचल्यावर आपण तासाला किती मीटर चढता त्यावरून तोरण्याची वेळ काढा, वेल्ह्यापर्यंतच्या उतरणीसाठी चढाईइतकाच वेळ त्यात धरा, आणि उत्तर संध्याकाळी पाचच्या पुढे जात असेल तर तिथूनच गाडीने वेल्ह्याला जा. बाकीच्या गटाला पुढे जाऊ द्यावे. जाताना एकाला तरी आपल्यासोबत थांबवावे.